अक्राणीच्या डोंगरात, आमचुराच्या दिवसांत

पहिला दिवस

माझी एक विद्यार्थिनी तीन वर्षे धुळ्यात माझ्याकडे वनस्पतिशास्त्र शिकत होती. आंब्याच्या कुळाचा पाठ चालू असताना तिने एकदा उभे राहून सांगितले होते की त्यांच्या घरचे अकरा आंबे आहेत, त्यांपैकी प्रत्येकाला वेगळे नाव आहे आणि कोणत्या झाडाच्या कैरीचे आमचूर पांढरे निघते हे तिच्या आईला चव न घेता कळते. तेव्हापासून हे गाव पाहायचे मनात होते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आमचुराचे काम ऐन भरात असताना, तो योग आला. गावाचे आणि घरच्यांचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी मला पाच दिवस घरात ठेवून घेतले त्यांच्या दारात अनोळखी माणसांची वर्दळ व्हावी असे मला वाटत नाही.

सकाळी नंदुरबारहून एसटीने तापी ओलांडून आम्ही तळोद्याला आलो. केळी, पपई आणि उसाची हिरवीगार सपाटी तळोद्याच्या पुढे एकाएकी संपते आणि सातपुडा समोर उभा राहतो. चांदसैलीचा घाट चढताना विद्यार्थिनीने एका वळणाकडे बोट दाखवले, पण ती काही बोलली नाही. २०२१ च्या सप्टेंबरात याच घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला असताना एका आजारी स्त्रीला तिचा नवरा खांद्यावर घेऊन पायी निघाला होता आणि तिने वाटेतच प्राण सोडले होते. ती बातमी मी धुळ्यात चहा पिता पिता वाचली होती. येथे, गाडीच्या खिडकीतून तो उतार पाहताना, त्या माणसाने किती वळणे पार केली असतील हे मोजण्याखेरीज दुसरे काही सुचेना.

कागदोपत्री तालुक्याचे नाव अक्राणी आहे, पण सगळे त्याला धडगावच म्हणतात. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला आणि हा डोंगरी तालुका नव्या जिल्ह्याकडे आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अक्राणीत तर भिल्ल आणि पावरा यांच्याशिवाय दुसरे माणूस शोधावेच लागते. धडगावच्या बाजारपेठेत आम्ही मीठ, चहापत्ती, साबण आणि विद्यार्थिनीच्या वहिनीसाठी खारीक घेतली. वहिनीला नववा महिना लागला होता. पुढे उत्तरेकडे नर्मदेच्या अंगाला जाणाऱ्या जीपमध्ये माणसे, कोंबड्या आणि सिमेंटची दोन पोती यांच्यासोबत दीड तास बसून आम्ही रस्ता संपतो तेथे उतरलो.

तेथून वर अडीच तासांची चाल आहे. रस्ता संपतो म्हणजे डांबर संपते एवढेच नव्हे. तेथून पुढे प्रत्येक वस्तू माणसाच्या डोक्यावर, खांद्यावर किंवा गाढवाच्या पाठीवर चढते. वाटेत घराचे पत्रे घेऊन चढणारे दोघे भाऊ भेटले. त्यांनी पत्रे लांबीच्या बाजूने गुंडाळून काथ्याने बांधले होते आणि वाऱ्याच्या झोताला तोंड देण्यासाठी दर वळणावर ते खांदा बदलत होते. पंचाहत्तरीच्या एक आजी आमच्या मागून येऊन पुढे निघून गेल्या. मी चार ठिकाणी बसले.

पावऱ्यांची घरे गावठाणात दाटीने नसतात. प्रत्येक घर आपापल्या शेतात, उताराच्या एखाद्या सोंडेवर असते आणि एका अंगणातून दुसऱ्या अंगणात हाक पोहोचते, पण जायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. अशा घरांचा मिळून एक पाडा होतो आणि असे अनेक पाडे मिळून एक गाव. आम्ही पोहोचलो तेव्हा सांज झाली होती. सागाचे खांब, बांबूचा कूड, त्यावर माती आणि शेणाचा गिलावा, वर कौले, आत एका बाजूला बैल आणि शेळ्या, दुसऱ्या बाजूला चूल आणि धान्याच्या कणग्या असे ते लांबरुंद घर होते. विद्यार्थिनीच्या आईने माझ्यासाठी अंगणात खाट टाकली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी कोठून येते हे तेव्हा मला माहीत नव्हते. मी ते तोंडावर मारून अर्धे सांडले.

दुसरा दिवस

पहाटे साडेचारला जाग आली ती सळसळीने. थोरला भाऊ घरामागच्या आंब्यावर चढला होता आणि टोकाला जाळी बांधलेल्या लांब काठीने कैऱ्या उतरवीत होता. आमचुरासाठी पडलेली कैरी चालत नाही. आपटलेल्या जागी ती काळी पडते आणि तिच्या फोडीही काळ्या निघतात. कैरीत कोय धरलेली हवी, पण पाड लागलेला नको. हा नेमका आठवडा प्रत्येक झाडाचा वेगळा असतो आणि त्यामुळेच अकरा झाडांची उतरणी महिनाभर पुरते. झाडांची नावे पावरी बोलीतली आहेत. एकाचा गर खोबऱ्यासारखा घट्ट, एकाच्या पानांना बडीशेपेचा वास, एक आजोबांनी लावलेला, एक वीज पडूनही जगलेला, अशा खुणांवरून ती पडली आहेत. ही सारी कोयीपासून वाढलेली गावठी झाडे आहेत. कलमी आंब्याच्या बागांतून फिरताना एका जातीची शंभर झाडे दिसतात; येथे अकरा झाडांत अकरा जाती पाहून वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही.

उजाडताच अंगणात कैऱ्यांचा ढीग पडला आणि त्याभोवती बायका बसल्या. त्यांत शेजारच्या दोन घरांतल्याही होत्या. उद्या या घरच्या त्यांच्याकडे जातील. शेतीच्या कामातही येथे हीच रीत आहे. आपल्याकडे जिला इर्जिक म्हणतात ती आता बहुतेक गावांत आठवणीपुरती उरली आहे, येथे मात्र तिच्यावाचून एकही निंदणी उरकत नाही.

विद्यार्थिनीची आई विळ्याची मूठ पायाच्या टाचेखाली दाबून बसते. पाते तिच्याकडे तोंड करून उभे राहते. ती कैरी दोन्ही हातांत धरून पात्यावर फिरवते आणि साल एकाच लांब पट्टीत उतरून मांडीजवळ पडते. मग कैरी न उचलता, तेथेच, कोयीला लागून चार घाव घालते आणि फोडी टोपलीत पडतात. एका कैरीला दहा-बारा श्वास पुरतात. मी घड्याळ लावले नाही. त्या हातांसमोर घड्याळ काढणे मला बरे वाटले नाही. मी मात्र एका कैरीला पाच मिनिटे घेतली आणि माझ्या फोडी इतक्या जाडीभरड्या निघाल्या की आईने त्या हसून वेगळ्या ठेवल्या, कारण जाड फोड आतून ओली राहते आणि एक ओली फोड अख्ख्या पोत्याला बुरशी लावते.

कैरीचा चीक अंगावर उठतो. दुपारपर्यंत माझी बोटे चुरचुरू लागली आणि संध्याकाळी नखांच्या कडा काळ्या पडल्या. येथल्या बायकांचे तळवे या महिन्यात तसेच काळे आणि भेगाळलेले असतात. त्यांवर त्या रात्री मोहाच्या बियांचे तेल चोळतात. कैऱ्या आधी धुतल्या तर चीक कमी लागेल, असे मी म्हणाले. विद्यार्थिनीने ते आईला सांगितले. आईने पाण्याच्या हंड्याकडे पाहिले आणि कमरेचे फडके काढून एक कैरी पुसून मला दाखवली. कैऱ्या येथे पुसतात.

फोडी वाळवायला घराजवळचा एक उघडा कातळ आहे. त्यावर जुन्या साड्या, चादरी आणि खताची उसवलेली पोती अंथरून फोडी एकेक करून सुट्या मांडतात. समोरच्या प्रत्येक सोंडेवर असेच पांढरे चौकोन दिसत होते. सपाटीवरून कोणी पाहिले तर डोंगरावर धुणे वाळत घातले आहे असे त्याला वाटेल. दिवसातून तीनदा फोडी उलटतात, रात्री दव पडायच्या आत गोळा करतात, सकाळी पुन्हा मांडतात, आणि असे चार-पाच दिवस कडक ऊन मिळाले तर आमचूर तयार होते. टोपलीभर कैऱ्यांचे वाळल्यावर सूपभरही आमचूर होत नाही. पांढरे असेल तर दर चांगला, काळपट असेल तर निम्मा, आणि दर काय असेल हे ज्या दिवशी माल खाली नेऊ त्या दिवशी कळते.

अक्राणीचे आमचूर देशभर जाते. चाट मसाल्यात, पापडात, छोल्यांत ते असते आणि मी स्वतः ते वर्षानुवर्षे वापरत आले आहे. या मालावर पाड्यातल्या कित्येक घरांचा पावसाळ्यापूर्वीचा सारा रोख व्यवहार चालतो. बियाणे, मीठ-मिरची, मुलांचे कपडे आणि वर्षाची उधारी त्यातूनच भागते. ज्वारी, मका, तूर, उडीद आणि मोर, बर्टी, भादी ही बारीक धान्ये घरी खाण्यापुरती पिकतात. त्यांचे बियाणे कणसे निवडून चुलीवरच्या धुरात टांगून ठेवतात. मधल्या काळात ही धान्ये मागे पडली होती. ग्रामविकासाचे काम करणाऱ्या बायफ संस्थेच्या पुढाकाराने हरणखुरीसारख्या गावांत बियाणे बँका उभ्या राहिल्या आणि मका-ज्वारीचे गावठी वाण पुन्हा शेतात दिसू लागले. दुपारी जेवायला ज्वारीची जाड भाकर, लसूण-मिरचीची उडदाची दाळ आणि कैरीचा ठेचा होता. ती दाळ मी दोनदा मागून घेतली.

तिसरा दिवस

पाणी पाहायला मी आईबरोबर पहाटे गेले. घरापासून वीस मिनिटे सरळ खाली उतरल्यावर ओढ्याच्या कोरड्या पात्रात हातभर खोल उकरलेला झिरा आहे. त्यात तळहातभर पाणी साठते, ते वाटीने उपसून हंड्यात घालायचे, मग पुन्हा साठायची वाट पाहायची. आमच्या आधी चार बायका आल्या होत्या. कोणी घाई करीत नव्हते, कारण घाई केली की गाळ उठतो. दोन घरांनी मिळून एक गाढव घेतले आहे. त्याच्या दोन बाजूंना दोन प्लास्टिकचे कॅन लावून पाणी वर नेतात. गाढव थकले की मात्र डोक्यावरचा हंडा सुटत नाही. उतरायला वीस मिनिटे, भरायला पाऊण तास, चढायला पस्तीस मिनिटे. घरातल्या सात माणसांचे आणि गुरांचे भागवायला अशा तीन खेपा होतात. पहिल्या दिवशी मी तोंडावर मारून सांडलेल्या पाण्याची मला त्या चढावर लाज वाटली आणि ती अजूनही वाटते.

घरी परतल्यावर सावलीत बसले असता वळचणीला आडवा टांगलेला एक जाड बांबू दिसला. त्याला घोंगडीची झोळी गुंडाळून बांधली होती. मला वाटले पाळणा असेल. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, ही आजारी माणसाला खाली न्यायची झोळी." वर्तमानपत्रांत तिला बांबूलन्स असे नाव दिलेले मी वाचले होते, घरात तिला नुसते झोळी म्हणतात. बांबूच्या दोन्ही टोकांकडे हातभर लांबीची जागा खांद्यांनी घासून घासून गुळगुळीत आणि तपकिरी झाली होती, जुन्या नांगराचा रुमणा होतो तशी. पाड्यात अशा दोन झोळ्या आहेत. एका खेपेला आठ माणसे लागतात: दोन वाहणारे, बाकीचे आळीपाळीने खांदा देणारे आणि रात्र असेल तर पुढे उजेड धरणारा एक. उतरताना उंच माणूस पुढे आणि बुटका मागे असतो, म्हणजे झोळी सपाट राहते, चढताना उलट. हे सारे थोरल्या भावाने मला नांगर कसा जोडायचा हे सांगावे त्या सहजतेने सांगितले. गेल्या पावसाळ्यात ती तीनदा उतरली होती. तिन्ही माणसे वाचली का, असे मी विचारले. दोन, असे तो म्हणाला.

या झोळीत बसायची वेळ येऊ नये म्हणून नववा महिना लागलेल्या बायकांना आधीच खाली नेऊन ठेवण्याची सोय सरकारने केली आहे. दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर नावाची खोली असते. तेथे गरोदर स्त्रीने बाळंतपणापूर्वी काही दिवस येऊन राहावे, सोबत एक नातेवाईक आणि लहान मूल असले तरी चालते आणि जेवणाची व्यवस्था होते. आशाताई दोनदा येऊन सांगून गेल्या होत्या. पण वहिनी जायला तयार नव्हती. तिचे म्हणणे साधे होते: ती गेली की सासूलाही सोबत जावे लागणार, आणि घरातले दोन विळे ऐन आमचुरात बंद पडणार. हा अडाणीपणा आहे असे शहरात बसून कोणी म्हणेल. मी त्या अंगणात बसून कैऱ्या मोजल्या होत्या, त्यामुळे तिचा हिशेब मला चुकीचा वाटला नाही. तो करण्याची वेळ तिच्यावर यावी हे मात्र मला सहन झाले नाही.

वहिनी गेल्या हंगामात नवऱ्याबरोबर गुजरातमध्ये ऊसतोडीला गेली होती. मुकादमाची उचल घेतली की दिवाळीनंतर अख्खी कुटुंबे जातात आणि होळीला परततात. होळी येथे सणांची राणी आहे. त्या आधीच्या भोंगऱ्या बाजारासाठी माणसे असतील तेथून घरी येतात. अंगणवाडीत गरोदर बायकांना अमृत आहार योजनेतून एक वेळचे पूर्ण जेवण मिळते, पण ती अंगणवाडी नाल्यापलीकडच्या पाड्यावर आहे आणि पोटुशी बाई एका जेवणासाठी रोज जाऊन-येऊन सव्वा तास चालू शकत नाही. तिला मिळते ते जेवण आठवड्यातून दोन-तीन दिवसांचे.

दुपारी विद्यार्थिनीने तिच्या शाळेची गोष्ट सांगितली. सहाव्या वर्षी तिला आश्रमशाळेत घातले. घरात पावरी, शाळेत मराठी. पहिली दोन वर्षे गुरुजी काय म्हणतात हे तिला कळतच नव्हते; सगळी मुले उभी राहिली की ती उभी राहायची आणि बसली की बसायची. तिसरीत पावरी जाणणारे एक शिक्षक आले आणि त्यांनी फळ्यावर एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला पावरी असे दोन रकाने पाडले. "त्या दिवशी मला कळलं की मी मठ्ठ नाही," असे ती म्हणाली. तिच्या वर्गातल्या ज्या मुली त्याआधीच घरी परतल्या, त्यांपैकी दोघी काल आमच्या शेजारी बसून कैऱ्या सोलत होत्या.

सायंकाळी पाच वाजता पश्चिमेकडून ढग चढला. कोणीतरी पलीकडच्या सोंडेवरून लांब हाक दिली आणि ती हाक एका अंगणातून दुसऱ्या अंगणात गेली. पुढची पंधरा मिनिटे मी आयुष्यात विसरणार नाही. म्हातारे, पोरे, वहिनीसुद्धा, सगळी कातळाकडे धावली. साड्यांची टोके धरून फोडी गोळा होत होत्या, वाऱ्याने एक चादर उडाली आणि तिच्यावरच्या फोडी उतारावर विखुरल्या, त्या वेचायला लहान मुले चार पायांवर उतरली. थेंब मोठे आणि थंड होते. जेमतेम दहा मिनिटे पाऊस झाला. घरात आणल्यावर आईने चुलीच्या उजेडात एक फोड हातात घेऊन अंगठ्याने दाबली, मग दुसरी, मग तिसरी. चौथा हिस्सा भिजला होता. तो काळा पडणार हे तिने कोणाला सांगितले नाही. भिजलेल्या फोडी फक्त वेगळ्या सुपात काढल्या.

चौथा दिवस

आज रेशनचा दिवस होता. धान्य वाटणाऱ्या दुकानापर्यंत माल येतो, पण अंगठा लावायच्या ई-पॉस यंत्राला तेथे नेटवर्क मिळत नाही. म्हणून दुकानदार यंत्र घेऊन एका टेकडीच्या माथ्यावर बसतो, माणसे तेथे चढून अंगठा लावतात, पावती घेतात आणि मग खाली उतरून धान्य उचलतात. आम्ही पोहोचलो तेव्हा माथ्यावरच्या एकुलत्या पळसाखाली साठएक माणसे बसली होती. कैरीच्या चिकाने आणि विळ्याने बोटांच्या रेषा झिजलेल्या बायकांचा अंगठा यंत्र ओळखत नव्हते. त्या अंगठा डोक्याच्या तेलकट केसांवर घासून पुन्हा लावून पाहत होत्या. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, एका आदिवासी स्त्रीला दिले गेले. टेंभली सपाटीवर आहे. इतक्या वर्षांनंतर डोंगरातल्या बाईने त्याच ओळखीसाठी टेकडी चढावी आणि यंत्राने तिला नाकारावे, हे पाहून मला संताप आला. विद्यार्थिनीच्या आईचा अंगठा सहाव्या खेपेला लागला. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. ते तिने आणि थोरल्या मुलाने वाटून डोक्यावर घेतले.

त्या माथ्यावरून उत्तरेला नर्मदा दिसते. दिसते म्हणजे तिचे पात्र दिसत नाही. सरदार सरोवराचे फुगलेले पाणी डोंगरांच्या फटींतून निळ्या बोटांसारखे आत शिरलेले दिसते. महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांमधली ३३ गावे या पाण्याने बाधित झाली. धरणाची उंची १३८.६८ मीटरपर्यंत गेली. ज्यांची नदीकाठची सुपीक जमीन गेली त्यांच्यापैकी काही सपाटीवरच्या वसाहतींत गेले, काही याच डोंगरात आणखी वर सरकले. आमच्याबरोबर बसलेल्या एका वृद्धाची सासुरवाडी त्या पाण्याखाली आहे. होळीच्या रात्री तिकडच्या ढोलाचा आवाज या माथ्यावर ऐकू येत असे, असे त्याने सांगितले.

संध्याकाळी घरी बैठक बसली. विषय वहिनीचा होता. आजोबा, थोरला भाऊ, आई, शेजारची एक म्हातारी आणि स्वतः वहिनी असे सगळे बोलत होते आणि मला आवडलेली गोष्ट ही की वहिनी बोलत असताना कोणी तिला मध्ये तोडले नाही. शेवटी शेजारच्या म्हातारीने तोडगा काढला. तिच्या घरचे दोन विळे उरलेले दिवस या अंगणात बसतील आणि पुढच्या वर्षी या घरचे दोन तिच्या अंगणात बसतील. आजोबांनी कणगीजवळच्या देवाला हात जोडले. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आले तर इंदल घालू, असे ते म्हणाले. इंदल म्हणजे कळंबाच्या फांद्या अंगणात रोवून रात्रभर गाणी म्हणत फेडायचा नवस. त्याला सगळा गोतावळा जमतो आणि खर्चही मोठा असतो.

पाचवा दिवस

पहाटे साडेतीनला निघालो. वहिनी चालतच उतरली. पुढे तिचा नवरा विजेरी घेऊन, मागे आई, मध्ये ती. झोळी तिला नको होती. थोरल्या भावाने तरीही ती खांद्यावर टाकून घेतली होती. अवघड उतारावर वहिनी बाजूच्या गवताचा झुबका धरून, दगड पायाने चाचपून मग भार टाकत होती. मला त्या वाटेने यायला अडीच तास लागले होते, आम्हाला उतरायला चार लागले. आमच्याबरोबर आमचुराची दोन पोती होती. त्यांपैकी लहान पोते मी थोडा वेळ उचलले आणि अर्ध्या तासात परत दिले.

जीपने धडगावला पोहोचल्यावर आधी आमचूर विकायचे ठरले, कारण सकाळी माल कमी असतो तेव्हा दर बरा मिळतो. व्यापाऱ्याने पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ बाहेर काढली आणि तीत काळ्या फोडी शोधल्या. आईने काळा माल वेगळ्या पिशवीत आणला होता, तो तिने स्वतःहून पुढे ठेवला. तरीही पांढऱ्या मालावर ओलाव्याचा म्हणून कडता, म्हणजे वजनातली कपात, लागला. मी त्याबद्दल विचारल्यावर व्यापारी म्हणाला की कडता सगळ्यांनाच लागतो. वहिनी पायरीवर बसून काट्याचे आकडे पाहत होती. आधी पोत्यासकट वजन झाले, मग पोत्याचे वजन वजा झाले, मग कडता वजा झाला. पैसे आईने दोनदा मोजले आणि पदराच्या गाठीत बांधले. त्यातून तिने गाढवासाठी दोन नवे कॅन घेतले. जुन्यांपैकी एक गळत होता.

दुपारी आम्ही आरोग्य केंद्रात पोहोचलो. माहेरघराच्या खोलीत चार खाटा होत्या आणि त्यांपैकी दोन भरल्या होत्या. एकीवर बसलेली मुलगी वहिनीच्या माहेरच्या पाड्याची निघाली आणि दोघी लगेच पावरीत बोलू लागल्या. परिचारिकेने रक्तदाब घेतला, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचे कार्ड पाहिले, कारण या भागात तो आजार बऱ्याच घरांत आहे, आणि मग वजनकाट्यावर उभे राहायला सांगितले. वहिनी काट्यापाशी थांबली. तिने गळ्यातली चांदीची हसळी काढून सासूच्या हातात दिली, मग हातातले कडे काढले, मग पदराला बांधलेली खारकेची पुडीही सोडून दिली आणि त्यानंतरच काट्यावर पाय ठेवला. परिचारिकेने आकडा वाचला आणि तो जसाच्या तसा नोंदवहीत लिहिला. वहिनीने तो लिहून होईपर्यंत वहीवरची नजर काढली नाही.